तपशिलाचा अधिकार : ‘मध्यवर्ती कल्पना’ शोधण्याच्या रूढीविषयी

१

वैचारिक गद्याचा उतारा समोर ठेवून ‘या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना सांगा’ असा प्रश्न विचारणे ही मराठीच्या अध्यापनात इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की तिच्यामागे वाचनाविषयीचा एक विशिष्ट सिद्धांत आहे याची जाणीवही आपल्याला उरलेली नाही. शालान्त परीक्षेतील अपठित उतारा आणि त्याचे सारांशलेखन, स्पर्धा परीक्षांतील ‘आकलन’, विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांतील ‘लेखकाचे विचार थोडक्यात लिहा’ हे प्रश्न वरवर पाहता निरनिराळ्या पातळ्यांवरचे आहेत. पण त्यांचे गृहीतक एकच. लेखनात एक कल्पना असते, ती मध्यभागी असते, तिच्याभोवती तपशील असतात. कल्पना मुख्य आणि तपशील पूरक. वाचकाचे काम टरफल काढून दाणा वेगळा करण्याचे. हा सिद्धांत वैचारिक गद्याच्या स्वरूपाशी विसंगत आहे, आणि त्याने आपल्या वाचनव्यवहाराची जी हानी केली आहे तिच्यात शिक्षकांइतकेच समीक्षकही भागीदार आहेत, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या लेखाचे मूळ एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी एका मूल्यमापन केंद्रावर होते. प्रश्नपत्रिकेत जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील शेतकऱ्याच्या घराचे वर्णन करणारा उतारा होता आणि उत्तरसूचीत त्याची मध्यवर्ती कल्पना ‘शेतकऱ्याचे दारिद्र्य’ अशी छापलेली होती. एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या उत्तराचा आशय असा होता : या उताऱ्यात लेखकाने स्वतःचे मत सांगितलेले नाही, घरात काय काय आहे ते एकेक करून मोजले आहे, आमच्या घरी जप्ती आली तेव्हा आलेल्या लोकांनी असेच मोजले होते, त्यामुळे लेखक हे शेतकऱ्याला सांगत नसून कुणा अधिकाऱ्याला दाखवत आहे असे वाटते. ‘दारिद्र्य’ हा शब्द उत्तरात कुठेही नव्हता. मी सूचीप्रमाणे शून्य गुण दिले आणि नियामकांनी ते कायम केले.

त्या रात्री ‘असूड’ पुन्हा उघडला, तेव्हा त्या मुलाने उताऱ्याचे वाचन केले होते आणि मी केवळ त्याची तपासणी केली होती, हा फरक लक्षात आला. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या पाच प्रकरणांपैकी चौथे प्रकरण शेतकऱ्याच्या तत्कालीन स्थितीचे आहे आणि पाचव्यात सरकारने कोणते उपाय योजावेत ते सांगितले आहे. चौथ्यातील घराची ती नोंद पाचव्यातील मागण्यांचा पुरावा आहे. ती कुणाला दाखवली जात आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती नोंद का केली आहे हे कळत नाही. त्या मुलाने तो प्रश्न विचारला होता. ‘शेतकऱ्याचे दारिद्र्य’ या उत्तराला मात्र उतारा वाचण्याचीही गरज नव्हती. ग्रंथाचे नाव पाहून ते देता आले असते.

२

रूढ पद्धतीचे नियम कुणाही मराठीच्या शिक्षकाला तोंडपाठ असतात. मुख्य मुद्दा बहुधा परिच्छेदाच्या पहिल्या किंवा शेवटच्या वाक्यात असतो. तो अधोरेखित करावा. सारांश मुळाच्या एक तृतीयांश असावा. उदाहरणे, दृष्टांत, उपमा, अवतरणे, पुनरुक्ती वगळावी. या नियमांचे कुलवृत्त पाहिले तर ते साहित्याच्या प्रांतातले नाही, कचेरीतले आहे. ‘गोषवारा’ हा शब्दच मुळी फारसीतून दफ्तरात आणि दफ्तरातून मराठीत आला. इंग्रजी अमदानीत तर लांबलचक पत्रव्यवहाराचा गोषवारा काढणे हे कारकुनीचे एक रीतसर कौशल्य मानले गेले आणि परीक्षेच्या विषयांतही त्याने जागा मिळवली. गोषवाऱ्याची नीती उघड आहे : ज्याला मूळ कागद वाचायला सवड नाही अशा वरिष्ठासाठी दुसऱ्याने तो वाचायचा. कार्यालयाला याची गरज असते, हे मान्य. परंतु न वाचणाऱ्यासाठी केलेली सोय हीच वाचनाची व्याख्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जावी, हे आक्षेपार्ह आहे.

‘उपमा वगळावी’ या एका नियमाचीच परीक्षा घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. पहिल्या अंकातील अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. या मनोऱ्याला मजले आहेत, पण मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर माणूस जन्मतो त्याच मजल्यावर त्याला मरावे लागते. सारांशाच्या नियमानुसार ही उपमा अलंकार ठरते आणि गळते. मग उरते काय? ‘जातिभेद अन्यायकारक आहे’ एवढेच. हे विधान १९२० पूर्वी अनेक सुधारकांनी केले होते. त्यासाठी ‘मूकनायक’ काढण्याची आवश्यकता नव्हती. बाबासाहेबांचे वेगळेपण त्या उपमेत आहे. दोन बाजू समोरासमोर उभ्या असलेला तो भेद नाही, मजल्यावर मजला अशी ती उतरंड आहे, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट मुळातच बांधलेली नाही, हे त्या उपमेवाचून सांगितलेलेच नाही. श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा त्यांनी पुढे विस्ताराने केली तिचे बीज इथे आहे. नियम पाळणारा विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतो आणि बाबासाहेबांचा विचार टाकून त्यांच्या आधीच्या सुधारकांचा विचार लिहून येतो.

तेव्हा तपशील ‘पूरक’ आहे असे म्हणताना आपण नक्की काय म्हणतो ते तपासले पाहिजे. पूरक म्हणजे नसला तरी चालेल असा, की नसला तर अपुरे राहील असा? मराठीत या शब्दाला दुसरा अर्थ आहे आणि आपली पद्धत तो पहिल्या अर्थाने वापरते.

३

या अनर्थाची जबाबदारी केवळ परीक्षापद्धतीवर टाकून समीक्षेला हात झटकता येणार नाहीत. मराठी समीक्षेने कवितेच्या बाबतीत याच मुद्द्यावर केवढी मोठी लढाई लढली होती! बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि नंतर ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांतून लयतत्त्वाची जी मांडणी केली तिच्यानंतर कवितेतून आशय वेगळा काढून दाखवणे हा समीक्षेतील अपराध ठरला. क्लिएंथ ब्रुक्स यांनी १९४७ मध्ये ज्याला भावार्थकथनाचे पाखंड म्हटले त्याची चर्चा आपल्याकडील वर्गांवर्गांतून झाली. कविता म्हणजे तिचा सारांश नव्हे, हे आता पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही लिहितो.

परंतु या विजयाची किंमत कुणी चुकवली? कवितेला सारांशाच्या तावडीतून सोडवताना आपण एक गुपचूप तह केला. ललित वाङ्मयात घाट आणि आशय अविभाज्य. वैचारिक गद्यात मात्र ते खुशाल वेगळे करावेत. निबंध, प्रबंध, अग्रलेख, पुस्तिका, प्रवासवृत्त, इतिहास यांना ‘ललितेतर’ म्हणून एका नकारात्मक नावाखाली कोंबले आणि त्यांची समीक्षा म्हणजे ‘विचार’ अधिक ‘शैली’ अशी बेरीज करून टाकली. आपल्या वाङ्मयेतिहासांतील आणि प्रबंधांतील ठरीव वाक्ये आठवून पाहावीत : विचार परखड, भाषा ओजस्वी, दाखले समर्पक. दाखला समर्पक आहे म्हणजे कशाला समर्पक? त्याने कोणते विधान सिद्ध झाले, कोणते झाले नाही? दुसरा दाखला घेतला असता तर निष्कर्ष बदलला असता का? हे प्रश्न आपण विचारत नाही. ‘समर्पक’ या विशेषणाने दाखल्याची बोळवण होते आणि समीक्षक पुन्हा ‘विचारा’कडे वळतो. एखाद्या कवितेतील एका स्वल्पविरामावर पानभर लिहिणारे आपण, ज्या गद्याने महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन घडवले त्यातील पुरावा वाचण्याचा कंटाळा करतो.

‘असूडा’च्या बाबतीत याचा परिणाम आज सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. विद्येच्या अभावापासून सुरू होऊन वित्तहानीपर्यंत पोहोचणारी अनर्थांची जी साखळी जोतीरावांनी उपोद्घातात थोडक्या ओळींत सांगितली ती भिंतींवर, फलकांवर, कार्यक्रमपत्रिकांवर सर्वत्र दिसते. लेखकाने स्वतःच मध्यवर्ती कल्पना हाती दिली असल्यामुळे आपले काम संपले अशी सर्वांची समजूत झाली आहे. पण ग्रंथ त्या ओळींपाशी थांबत नाही. पहिल्या प्रकरणात गर्भाधानापासून मृत्यूपर्यंत आणि सणावारांच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून काय काय काढून घेतले जाते त्याचा हिशेब आहे. तिसऱ्यात शूद्र शेतकऱ्यांच्या पूर्वपीठिकेबरोबरच नित्य नव्या करांचा विषय आहे. पाचव्यात बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, शेतातील माती वाहून जाऊ देऊ नये, यासाठी पलटणी व पोलीस खात्यातील माणसांचे हात वापरावेत असे उपाय सुचवले आहेत. ‘अविद्येने सारा अनर्थ केला’ या सूत्रात बंधारा कुठे बसतो? माती वाहून जाते ती शेतकरी निरक्षर आहे म्हणून नव्हे. इथे ग्रंथातील तपशील लेखकाने जाहीर केलेल्या सूत्राच्याही पुढे जातो : जमीन, पाणी, कर आणि नोकरशाही यांची एक व्यवस्था शेतकऱ्याला पिळते, असे काहीतरी म्हणू लागतो. उपोद्घातातील सूत्र आणि पाचव्या प्रकरणातील उपाय यांच्यातील हे अंतर मोजणे हे ‘असूडा’चे खरे वाचन आहे. सूत्र पाठ असणाऱ्याला हे अंतर दिसतच नाही.

दुसऱ्या प्रकरणाचा विषय तर प्रस्तुत चर्चेच्या संदर्भात विलक्षण बोलका आहे. गोरे अधिकारी ऐषआरामात दंग असल्यामुळे शेतकऱ्याची वास्तविक स्थिती जाणून घ्यायला त्यांना सवड नाही आणि म्हणून सगळा कारभार खालच्या कामगारवर्गाच्या हाती गेला आहे, ही तिथली तक्रार आहे. सवड नसलेला वरिष्ठ आणि त्याच्यासाठी वास्तव आटोपशीर करून देणारा मधला माणूस! गोषवाऱ्याच्या ज्या व्यवहारात शेतकरी नाहीसा होतो त्याविरुद्ध जोतीराव लिहीत होते, आणि त्यांच्याच लेखनाचा गोषवारा काढण्याला आपण आकलन म्हणतो.

४

यावर कुणी म्हणेल की मुख्य अर्थ कोणता हे ठरवणे ही वाचनाची प्राथमिक गरज आहे आणि ती नाकारणे म्हणजे अराजकाला आमंत्रण देणे होय. अर्थनिर्णयाची गरज मी नाकारत नाही. तो कसा व्हावा एवढाच वाद आहे, आणि त्याविषयी आपल्या परंपरेत आजच्या उत्तरसूचीपेक्षा कितीतरी प्रगल्भ विचार झालेला आहे.

मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या : उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभीच या कसोट्या मराठी वाचकापुढे ठेवल्या आणि त्यांच्या आधारे गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर आहे असे प्रतिपादन केले. अर्जुन युद्ध नाकारतो हा उपक्रम, तो युद्धाला सिद्ध होतो हा उपसंहार. मग मधल्या उपदेशाचे तात्पर्य कर्मत्याग कसे असेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आता या सहा खुणा आपल्या नियमांशेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या व शेवटच्या वाक्यावर बोट ठेवायला सांगणारा आपला नियम म्हणजे उपक्रमोपसंहाराची एक खुजी आवृत्ती आहे. मीमांसकांच्या लेखी ती सहांपैकी केवळ एक खूण. आपण वगळायला सांगतो ती पुनरुक्ती त्यांच्याकडे तात्पर्याची साक्षीदार आहे. आपण वगळायला सांगतो तो युक्तिवादाचा पसारा त्यांच्याकडे उपपत्ती या नावाने कसोटीचा भाग आहे. स्तुती, निंदा, आख्यायिका यांचा मिळून होणारा अर्थवादही त्यांनी बाहेर फेकलेला नाही. विधीशी त्याची एकवाक्यता होते म्हणून त्याला प्रामाण्य आहे, ही जैमिनींची भूमिका सर्वश्रुत आहे. आणि ‘अपूर्वता’ ही खूण तर आपल्या पद्धतीवरील सर्वांत कठोर टीका ठरावी. जे अन्यत्र कुठे सांगितलेले नाही ते या ग्रंथाने काय सांगितले, असे ती विचारते. आपली उत्तरसूची नेमके उलट करते. जे सर्वत्र सांगितलेले आहे, जे उतारा न वाचताही सांगता येईल, तेच मध्यवर्ती म्हणून तिला मान्य असते.

मीमांसेच्या परंपरेतील आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. याच सहा लिंगांचा आधार अद्वैत वेदान्तानेही घेतला. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायाचे तात्पर्य याच खुणांनी ठरवलेले आहे. टिळकांनी त्याच कसोट्या लावून गीतेच्या संन्यासपर भाष्यांशी वाद घातला. म्हणजे कसोट्या समान असूनही निर्णय आपोआप हाती येत नाही. तात्पर्य ही उताऱ्यात ठेवलेली आणि उचलून आणायची वस्तू नाही. पुरावे देऊन सिद्ध करायचा तो पक्ष आहे, आणि समोरच्यालाही त्याच पुराव्यांनी त्याचे खंडन करण्याचा अधिकार आहे. तात्पर्य कुणाला मान्य आहे यापेक्षा ते कशाच्या आधारे मान्य आहे याला इथे महत्त्व असते. उत्तरसूची आधार विचारत नाही. तिने वाद रद्द केला आहे.

शास्त्रीय वादपद्धतीतील पूर्वपक्षाचा विसर पडल्यामुळे तर आपली पद्धत अनेकदा शब्दशः उलटे उत्तर देते. आपल्या वैचारिक गद्यात आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे आणि मग त्याचे खंडन करावे, ही रीत जुनी आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर स्त्रियांविरुद्ध जी गरळ वृत्तपत्रांतून ओकली गेली तिला हे उत्तर होते. स्त्रीच्या दोषांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक ताराबाई घेतात आणि एकेक दोष उचलून तो पुरुषात किती पट आहे हे दाखवत जातात. यातील एखादा परिच्छेद तोडून त्याचे पहिले वाक्य अधोरेखित केले तर ताराबाईंच्या तोंडी त्यांच्या विरोधकाचे मत घातले जाण्याची शक्यताच अधिक. आणि संपूर्ण पुस्तिकेची मध्यवर्ती कल्पना ‘स्त्रीपुरुष समता’ अशी सांगितली, जशी ती बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत सांगितलेली असते, तर काय होते? समता हा आपल्या काळाचा सोयीस्कर शब्द आहे. ताराबाई तुलना करतात, आणि ती गुणांची नसून दोषांची आहे. दोष उभयतांत असतील तर शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा प्रश्न एका खटल्यातून, एका विशिष्ट बाईला झालेल्या शिक्षेतून उभा राहिलेला आहे. तो खटला गाळला की प्रश्नाची धार जाते आणि सभासमारंभात कुणालाही निर्धास्तपणे उच्चारता येईल असे एक सुभाषित तेवढे हाती राहते.

५

सूत्र आणि तपशील यांची फारकत केल्यावर काय घडते, याचा अनुभव मराठी गद्याने आपल्या उदयकाळीच घेतलेला आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे बोल प्रसंगांमध्ये गुंफलेले आहेत : कोण आले, काय विचारले, कोणत्या गावी, कोणत्या वेळी. त्यातून केवळ वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. परंपरा त्याचे श्रेय केसोबासांना देते. म्हणजे मध्यवर्ती कल्पना वेगळी काढण्याचा उद्योग आपल्याकडे तेराव्या शतकातच सुरू झाला होता. पण पुढे काय झाले? सूत्रे सुटी झाल्यावर त्यांच्या अर्थाविषयी प्रश्न निर्माण झाले आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगण्यासाठी महानुभाव अभ्यासकांना ‘प्रकरणवश’ नावाचे वाङ्मय रचावे लागले. काढून टाकलेला तपशील अर्थासाठी परत आणावा लागला.

केसोबासांच्याच ‘दृष्टांतपाठा’ची रचना याहून शहाणी आहे. तिथे आधी सूत्र, मग दृष्टांत आणि त्यानंतर दार्ष्टांतिक येते. दृष्टांत सांगितला की तो सूत्राला कसा लागू होतो हे दार्ष्टांतिकात वेगळे उलगडावे लागते, कारण दाखला आणि विधान यांचा संबंध आपोआप सिद्ध होत नाही, तो दाखवून द्यावा लागतो, याची जाण या रचनेत आहे. आजच्या प्रश्नपत्रिकेत सूत्र आहे आणि दृष्टांतही आहे (‘लेखकाने दिलेली दोन उदाहरणे लिहा’), पण दार्ष्टांतिक कुठेच नाही. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याचा प्रसिद्ध दृष्टांत याच ग्रंथात आहे. तपशील हाती आला आणि संपूर्णाचे भान नसले तर काय होते, हे तो सांगतो. त्यामुळे तपशिलाची बाजू मांडणाऱ्या माझ्यासारखीने तो विसरता कामा नये, हे मी जाणते. पण आपण त्या जन्मांधांहूनही एक पाऊल पुढे गेलो आहोत. त्यांनी निदान हत्तीला हात लावला होता. आपल्या विद्यार्थ्याला आपण ‘हत्ती मोठा असतो’ एवढे पाठ करायला सांगतो.

६

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात आले आहे, ज्याच्या कानावर प्रमाणभाषा वर्गातच पडते, त्याला लांबलचक उतारा एक भिंत वाटतो. मुख्य मुद्दा शोधण्याचे तंत्र ही त्याच्यासाठी शिडी आहे. स्पर्धा परीक्षांमधून त्याला नोकरी मिळण्याची शक्यता याच तंत्रावर अवलंबून आहे. बारकाईच्या वाचनाचा आग्रह ही अभिजनांची चैन आहे, असे मला माझ्याच एका सहकाऱ्याने सुनावले होते.

या आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. राज्यसेवा पूर्व परीक्षेत २०१३ पासून उताऱ्यांवरील प्रश्नांना स्थान मिळाले आणि चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव हा खेड्यापाड्यांतील अभ्यासिकांचा दिनक्रम झाला. तो सराव करू नका असे सांगण्याचा अधिकार सुरक्षित वेतन घेणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापिकेला नाही. पण आक्षेपातील निष्कर्ष मला उलटा वाटतो. या विद्यार्थ्याजवळ जे भांडवल आहे ते तपशिलाचेच आहे. जप्ती कशी येते, बांध कसा फुटतो, तलाठ्याच्या कार्यालयात किती खेपा घालाव्या लागतात, हे त्याला ठाऊक असते. ते त्याच्या शिक्षकालाही अनेकदा ठाऊक नसते. उताऱ्यातील तपशील ओळखीचा वाटला की त्याच्या साह्याने तो लेखकाशी बोलू शकतो, लेखकाला प्रश्न विचारू शकतो. आपण त्याला सांगतो की हे सारे पूरक आहे, सोडून दे. मुख्य ते अमूर्त नाम लिही : दारिद्र्य, समता, प्रबोधन. ही नामे ज्यांच्या घरात आधीपासून बोलली जातात त्यांनाच ती आयती सापडतात. मग चैन कोणत्या वाचनात आहे?

माहितीपर लेखनात तरी मुख्य मुद्दा वेगळा काढता येतो, असे म्हटले जाईल. तिथेही सावध राहावे. शासन निर्णयाचा विषय वरच्या एका ओळीत असतो. पण त्या निर्णयाचा लाभ कुणाला मिळणार आणि कुणाला नाकारला जाणार, ते खालच्या अटी-शर्तींत ठरते. विषय वाचून आनंदाने अर्ज करणारा आणि सातव्या अटीवर अडणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याला मध्यवर्ती कल्पना अचूक कळलेली असते.

तेव्हा प्रश्न रद्द करावा असे माझे म्हणणे नाही. तो पुरा विचारावा. तात्पर्य सांगायला लावावे, पण उताऱ्यातील कोणत्या शब्दांवरून ते ठरवले हेही लिहायला लावावे आणि गुण त्या आधाराला द्यावेत. तुमच्या तात्पर्यात न बसणारा एखादा तपशील उताऱ्यात आहे का, हे विचारावे. एखादा दाखला काढून टाकला तर युक्तिवाद उभा राहतो की कोसळतो, हे तपासायला सांगावे. लेखक कुणाशी वाद घालतो आहे आणि यातले कोणते वाक्य त्याचे स्वतःचे नसून प्रतिपक्षाचे आहे, ते ओळखायला लावावे. या प्रश्नांची एकच एक उत्तरसूची छापता येणार नाही आणि परीक्षकाला प्रत्येक उत्तर वाचावे लागेल. ही गैरसोय आहे खरी. पण वाचनाच्या परीक्षेत परीक्षकाने वाचावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. आणि समीक्षेने आपल्यापुरते एवढे तरी करावे की कुणाही विचारवंताविषयी लिहिताना ‘समर्पक दाखले’ हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी त्यांपैकी एक दाखला घेऊन तो कशाचा दाखला आहे ते दाखवावे.

ज्या समाजाला आपले फुले, आपले आंबेडकर, आपल्या ताराबाई केवळ सूत्ररूपाने माहीत आहेत त्याला त्यांचा जयजयकार करता येतो, निषेधही करता येतो; पण त्यांच्याशी सहमत किंवा असहमत होता येत नाही. त्यासाठी पुराव्यापाशी जावे लागते. सूत्राचा फलक कुणीही खांद्यावर घेऊ शकतो, ज्यांच्याविरुद्ध ते सूत्र लिहिले गेले त्यांचे वारसही. ग्रंथातला हिशेब मात्र ज्याच्या नावावर निघतो त्याच्याच नावावर राहतो.

त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल आणि दिलेले शून्य आता बदलता येणार नाही. या वर्षी ‘असूडा’तील तोच उतारा मी वर्गात पुन्हा घेतला. मध्यवर्ती कल्पना विचारली नाही. घरातील वस्तू एवढ्या एकेक करून कुणी, कुणासाठी मोजल्या असतील, एवढेच विचारले. तासिका संपल्यावरही मुले उठली नाहीत.